दोन राउटरमध्ये व्हीपीएन टनेल: सर्व्हर कुठल्या बाजूला ठेवू? (नवीन खरेदी नाही)

बोगदा_हवाय
नमस्कार मंडळी. दोन जागा आहेत. 'अ' मध्ये फायबर आहे, राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर) टाकलेलं आहे, आणि मी रोज तिथंच बसतो. 'ब' मध्ये वायर पोचत नाही म्हणून सिमवाला ४जी राउटर आहे. त्याच्यामागं कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि पंपाचा कंट्रोलर. 'अ' मधल्या कुठल्याही संगणकावरून 'ब' मधला रेकॉर्डर उघडता यावा एवढंच हवंय. कंपनीचं क्लाउड ॲप नको.
'ब'चा राउटर कंपनीच्याच फर्मवेअरवर आहे. मेनूत व्हीपीएनचे (दोन नेटवर्क इंटरनेटवरून खाजगी बोगद्यानं जोडण्याचे) प्रकार म्हणून ओपनव्हीपीएन, आयपीसेक आणि एल२टीपी दिसतं, वायरगार्ड नाही. रेकॉर्डर तिकडं असल्यामुळे सर्व्हरही 'ब' मध्येच ठेवावा असा विचार आहे. दोन्हीकडे नेटवर्क १९२.१६८.१.० आहे.
बजेट शून्य. नवीन डबा नाही, महिन्याचं भाडं नाही. आहे त्यातच भागवायचंय.

किल्लीवाला
वायरगार्ड. विषय संपला. मार्च २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे (५.६). दोन्हीकडे एकेक किल्लीची जोडी, यूडीपी ५१८२०, पाच मिनिटांत टनेल उभा. ओपनव्हीपीएनची सर्टिफिकेटं आता कोण बनवत बसतं?

बोगदा_हवाय
'ब'च्या राउटरमध्ये वायरगार्ड नाही, वर लिहिलंय.

किल्लीवाला
मग तो राउटर बदला.

नाइट_शिफ्ट
मी दोन्ही टोकांना सारखेच फायरवॉल बॉक्स घेतले. आयपीसेक हार्डवेअरमध्ये चालतं, प्रोसेसर हलतही नाही. एकदा पैसे गेले, पण तेव्हापासून रात्री फोन वाजलेला नाही. स्वस्तात करायला गेलं की असंच होतं राव.

जुनंतेसोनं
पीपीटीपी (जुना व्हीपीएन प्रकार) कोणी सुचवलं नाही अजून? युजरनेम, पासवर्ड, झालं. आमच्याकडे अजून चालू आहे.

ती_नेटवर्कवाली
@जुनंतेसोनं काका, पीपीटीपीचं पासवर्ड तपासणारं एमएस-चॅप व्ही२ २०१२ मध्येच उघडं पडलंय. हँडशेक कोणी पकडला तर आतली किल्ली हमखास काढता येते. शिवाय त्याला जीआरई (पॅकेट गुंडाळणारा वेगळा प्रोटोकॉल) लागतं, आणि मोबाइल नेटवर्कच्या नॅटमधून (अनेकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देण्याची सोय) जीआरई धड जात नाही. पंपाचा कंट्रोलर त्यामागं ठेवू नका.

@बोगदा_हवाय, प्रोटोकॉलच्या आधी सर्व्हरची बाजू ठरवा. रेकॉर्डर कुठं आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही. ज्याच्यापर्यंत बाहेरून पोचता येतं तो सर्व्हर. ४जी सिमवर बहुतेक वेळा कॅरियर ग्रेड नॅट असतं, म्हणजे तुमच्या राउटरला खरा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. 'ब'च्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये, किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तिथं सर्व्हर लावून उपयोग नाही. बाहेरचं पॅकेट तिथवर येणारच नाही, पोर्ट फॉरवर्ड करायची जागाही तुमच्या हातात नाही. 'अ' सर्व्हर, 'ब' क्लायंट. एकदा 'ब' नं आतून बाहेर जोडणी केली की टनेलमधून रहदारी दोन्ही दिशांना चालते.
'अ'च्या फायबरचाही वॅन आयपी तपासा. राउटर दाखवतो तो पत्ता आणि 'माझा आयपी' सांगणारी साइट दाखवते तो पत्ता एकच हवा.

मनीप्लांट
टेलस्केल टाका ना. आतून वायरगार्डच आहे. दोन्ही बाजू नॅटमागं असल्या तरी वाट काढतं, नाहीच निघाली तर रिले वापरतं. फुकटात होतं, आणि सबनेट राउटर (मागच्या सगळ्या यंत्रांसाठी वाट देणारं यंत्र) म्हणून चालवलं की रेकॉर्डरवर काही टाकावंही लागत नाही.

बोगदा_हवाय
'ब' मध्ये ते चालवायला काही नाही. राउटर, रेकॉर्डर, कंट्रोलर. संगणक नाही.

मनीप्लांट
एक छोटा सिंगल बोर्ड संगणक ठेवा. फार जागा लागत नाही.

पॅकेट_पाहुणा
बजेट शून्य म्हणजे शून्यच असतं हो, 'छोटा' म्हटल्यानं फुकट होत नाही.

रॅकखालचा
दोन्हीकडे १९२.१६८.१.० आहे ही ओळ कोणी वाचली का? टनेल कुठलाही उभा करा, तो हिरवा दिसेल आणि काहीही पोचणार नाही. 'अ' मधला संगणक १९२.१६८.१.१०८ शोधतो तेव्हा तो पत्ता त्याला आपल्याच नेटवर्कमधला वाटतो. मग तो एआरपीनं इथंच हाका मारत बसतो, राउटरकडे जातच नाही. आधी एक बाजू बदला. 'ब' मध्ये मोजून दोन यंत्रं आहेत, तिकडचं १९२.१६८.५०.० करा. रेकॉर्डरचा पत्ता हातानं दिलेला असेल तर आधी तो बदला आणि त्याचा गेटवेही. राउटर आधी बदललात तर रेकॉर्डर तुमच्यासाठी गायब.

टॅपवाला
टॅप ब्रिजिंग (दोन्हीकडचं नेटवर्क जणू एकाच स्विचवर जोडणं) केलं तर दोन्हीकडे एकच नेटवर्क ठेवता येतं. सबनेट बदलायची गरजच नाही. मी तसंच चालवतोय.

ती_नेटवर्कवाली
४जीवर ब्रिज? दोन्हीकडचा सगळा ब्रॉडकास्ट सिमच्या डेटातून जाणार. आणि दोन डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारे) एकाच नेटवर्कवर आले की 'अ' मधल्या एखाद्या लॅपटॉपला 'ब'चा गेटवे मिळणार, मग त्याचं सगळं इंटरनेट सिमवरून. ट्यूनच घ्या, म्हणजे दोन नेटवर्क वेगळी ठेवून मधे फक्त राउटिंग.

टॅपवाला
डीएचसीपी अडवता येतो. ईबीटेबल्सच्या (ब्रिजवरच्या फिल्टरच्या) दोन ओळी.

ती_नेटवर्कवाली
कंपनीच्या फर्मवेअरवर ईबीटेबल्स कुठून आणणार?

नाइट_शिफ्ट
म्हणून म्हटलं होतं, धड बॉक्स घ्या.

किल्लीवाला
ओपनव्हीपीएन लावलंत तर घड्याळाचा त्रास होणार, आत्ताच सांगून ठेवतो. अशा राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली आणि आली की तारीख मागं जाते, आणि 'सर्टिफिकेट अजून वैध झालेलं नाही' म्हणून जोडणी नाकारली जाते. वायरगार्डमध्ये सर्टिफिकेटच नाही, त्यामुळे ही भानगडच नाही.

रॅकखालचा
पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. जुना हँडशेक कोणी परत पाठवू नये म्हणून समोरचा पीअर आधीच्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. क्लायंट रीबूट होऊन तारीख मागं गेली की हँडशेक गपचूप टाकला जातो. लॉगमध्येही पटकन काही दिसत नाही, कारण वायरगार्डचा स्वभावच न बोलण्याचा. ओपनव्हीपीएन निदान ओरडून तरी सांगतं. आमच्या एका दूरच्या टोकाला एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळाची वेळ देणारा) सर्व्हरच टनेलच्या पलीकडे ठेवला होता. वेळ नाही म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून वेळ नाही. माणूस पाठवावा लागला.
दोन्हीसाठी उपाय एकच, एनटीपी थेट सिमवरून जाऊ द्या, टनेलमधून नको.

किल्लीवाला
ते अपवादात्मक आहे. ओपनडब्ल्यूआरटी बूट होताना /ईटीसी मधल्या सगळ्यात नव्या फाइलची तारीख घेतं.

रॅकखालचा
'ब' मध्ये ओपनडब्ल्यूआरटी नाही. तुम्ही वाचता का नाही?

फर्मवेअर_भक्त
'ब'च्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी फ्लॅश करून टाका. सगळे प्रश्न मिटतील.

पॅकेट_पाहुणा
आतलं ४जी मोडेम नाही ओळखलं तर पुरता मिटेल. दूरच्या जागेवर, एकमेव जोडणी असलेल्या डब्यावर असा प्रयोग कोणी सुचवू नये. माझ्याकडे असाच एक डबा सीरियल केबलची वाट बघत पडलाय.

जुनंतेसोनं
ओपनव्हीपीएन करायचंच असेल तर टीसीपी ४४३ वर करा. कुठूनही जातं, कोणी अडवत नाही.

ती_नेटवर्कवाली
काका, अडवत असतील तरच. टीसीपीच्या आत टीसीपी गेलं आणि ४जीवर पॅकेट गळायला लागली की आतला आणि बाहेरचा दोघंही तेच पॅकेट पुन्हा पाठवत बसतात, व्हिडिओ जागच्या जागी थिजतो. आधी यूडीपी ११९४ वर करून बघा.

आता कामाचं. 'ब'चा राउटर जुना असेल तर त्यातला ओपनव्हीपीएन २.३ असू शकतो. २.४ पासून दोन्ही बाजू सायफर (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) आपसात ठरवतात, २.३ ला ते येत नाही. 'अ' वर २.६ असेल तर तो एईएस-जीसीएम धरून बसतो आणि जुन्या क्लायंटशी जुळत नाही. सर्व्हरवर डेटा-सायफर्सच्या यादीत एईएस-२५६-सीबीसी घाला, डेटा-सायफर्स-फॉलबॅकलाही तेच द्या, आणि 'ब'च्या मेनूतही तेच निवडा. तिथं काही न निवडता सोडलंत तर जुन्या आवृत्तीत ब्लोफिश लागतं, आणि ते २०१६ मध्येच मोडीत निघालंय. एलझेडओ कॉम्प्रेशनची खूण काढा. एका बाजूला चालू, दुसरीकडे बंद असेल तर टनेल जोडलेला दिसतो आणि पिंग जात नाही.

मनीप्लांट
एवढं सगळं करण्यापेक्षा टेलस्केल सोपं नाही का?

नाइट_शिफ्ट
एवढं सगळं करण्यापेक्षा बॉक्स सोपा.

बोगदा_हवाय
सगळ्यांचे आभार. 'ब'चा वॅन आयपी १००.८० ने सुरू होतोय, म्हणजे ताई म्हणाल्या तेच. 'अ'चा पत्ता सार्वजनिक आहे, पण बदलतो. डायनॅमिक डीएनएस (पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवणारी सेवा) 'अ'वर आधीच चालू आहे. 'ब'चं नेटवर्क १९२.१६८.५०.० केलं, रेकॉर्डर आधी बदलला. 'अ' सर्व्हर, 'ब' क्लायंट, यूडीपी, ट्यून. टनेल उभा राहिला.
पण 'अ'च्या राउटरवरून 'ब'चा टनेलमधला पत्ता (१०.८.०.६) पिंग होतो, रेकॉर्डर १९२.१६८.५०.१०८ नाही. सर्व्हर कॉन्फिगमध्ये राउट १९२.१६८.५०.० २५५.२५५.२५५.० दिलेला आहे. लॉगमध्ये 'मल्टी: बॅड सोर्स ॲड्रेस फ्रॉम क्लायंट, पॅकेट ड्रॉप्ड' येतंय.

किल्लीवाला
वायरगार्डमध्ये हे अलाउड आयपीजच्या एका ओळीत होतं.

रॅकखालचा
आयराउट राहिलंय. राउट ही ओळ 'अ'च्या कर्नलला सांगते की ५०.० ची पॅकेट ट्यूनकडे दे. ट्यूनच्या आत ओपनव्हीपीएन बसलाय, त्याला पाच क्लायंट असू शकतात, ५०.० कोणाच्या मागं आहे हे त्याला कुठं माहीत? म्हणून क्लायंट-कॉन्फिग-डिर म्हणून एक फोल्डर द्या. त्यात 'ब'च्या सर्टिफिकेटच्या कॉमन नेमच्याच नावानं फाइल करा, अक्षर न् अक्षर तेच, शेवटी .टीएक्सटी वगैरे काही नको. फाइलमध्ये एकच ओळ: आयराउट १९२.१६८.५०.० २५५.२५५.२५५.०. राउट आणि आयराउट दोन्ही लागतात. शिवाय 'अ'चं नेटवर्क 'ब'ला कळावं म्हणून सर्व्हरकडून पुश राउटही हवा.
तरी नाही झालं तर 'ब'च्या फायरवॉलमध्ये ट्यूनवरून लॅनकडे फॉरवर्ड उघडा आहे का बघा. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये तो बऱ्याचदा फक्त लॅनवरून ट्यूनकडे उघडा असतो.

पॅकेट_पाहुणा
आणि रेकॉर्डरचा गेटवे. कॅमेऱ्यावाले लोक तो १९२.१६८.१.१ वर सोडून जातात. पॅकेट पोचतं, उत्तर परत येत नाही.

बोगदा_हवाय
आयराउट टाकल्यावर लगेच पिंग सुरू झाला. गेटवे बरोबर होता. पण रेकॉर्डरचं लॉगिन पान येतं आणि त्यानंतर पांढरं. कंट्रोलर मात्र व्यवस्थित उघडतो.

ती_नेटवर्कवाली
छोटी पॅकेट जातात, मोठी अडकतात. एमटीयू. ४जीचा स्वतःचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १५०० पेक्षा कमी असू शकतो, त्यात टनेलचं वेष्टन. सर्व्हर कॉन्फिगमध्ये एमएसएसफिक्स १३०० (पॅकेट त्याहून मोठं होऊ न देणारी ओळ) टाकून बघा. चाललं तर नंतर हळूहळू वाढवा, किंवा राहू द्या तसंच.

टॅपवाला
टॅपमध्ये हा प्रश्न आला नसता.

ती_नेटवर्कवाली
टॅपमध्ये इथरनेटचं हेडर वर येतं. आणखी १४ बाइट. आलाच असता.

बोगदा_हवाय
१३०० वर पान उघडलं, व्हिडिओही आला. राहू देतोय तसंच.
वायरगार्ड, टेलस्केल, बॉक्स, फ्लॅशिंग यातलं काही करत नाहीये, राग मानू नका. सर्टिफिकेटं राउटरवर न बनवता लॅपटॉपवर बनवली आणि सीएची (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्याची) खाजगी किल्ली पेन ड्राइव्हवर काढून ठेवली. कीपअलाइव्ह १० ६० ठेवलंय.

मनीप्लांट
दर दहा सेकंदांनी पिंग म्हणजे सिमचा डेटा खाणार ना?

रॅकखालचा
दिवसाला एकदोन एमबी. व्हिडिओ खातो तो खरा. रेकॉर्डरमध्ये मेन स्ट्रीमऐवजी सब स्ट्रीम (कमी दर्जाचा, हलका व्हिडिओ) लावा, चार कॅमेरे एकदम उघडले की फरक कळेल. 'ब'चा ४जी अपलोड हीच तुमची कमाल मर्यादा आहे, प्रोटोकॉल कुठलाही असो.

नाइट_शिफ्ट
हार्डवेअर आयपीसेक असतं तर मेन स्ट्रीमही चालला असता.

पॅकेट_पाहुणा
सिमचा अपलोड आयपीसेक वाढवून देतं का हो?

बोगदा_हवाय
सब स्ट्रीम लावला, चारही कॅमेरे चालतात. 'ब'च्या राउटरची वीज मुद्दाम काढून परत दिली. आधी तारीख चुकीची आली, सिमवरून एनटीपी झाल्यावर टनेल आपोआप जोडला गेला. पंपाच्या कंट्रोलरला आता 'अ' मधला माझा एकच संगणक पोचू शकतो, बाकीच्यांना फायरवॉलमध्ये बंद केलंय. क्लायंट-कॉन्फिग-डिरमधली फाइल आणि एमएसएसफिक्सची ओळ कोणाला हवी असेल तर विचारा, किल्ल्या मागू नका.