शून्य परिकल्पना प्रत्येक प्रबंधात हवीच का?

सांजवारा

शिक्षणशास्त्रातले प्रबंध तपासायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे येतं. विषय कुठलाही असो, चौथ्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं : 'टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक नाही, म्हणून शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे.' शून्य परिकल्पना म्हणजे 'दोन गटांत काहीच फरक नाही' हे गृहीतक. टी-मूल्य हा ते तपासण्याचा आकडा, आणि तो 'सार्थक नाही' म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचाही असू शकतो. ते वाक्य वाचलं की आता वाईट वाटतं.

मागे एका संशोधक मुलीचं काम जवळून पाहिलं. मध्येच शिक्षण सुटलेल्या आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसलेल्या चाळीस बायकांशी ती बोलली होती. तीन वह्या भरल्या होत्या. एकीनं फॉर्म भरल्याचं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाच्या जुन्या दप्तरात पुस्तकं ठेवायची आणि सगळे झोपल्यावर वाचायची. मार्गदर्शकांनी वह्या चाळल्या आणि विचारलं, "यात परिकल्पना कुठे आहेत?" मग विवाहित-अविवाहित, नोकरी करणाऱ्या-न करणाऱ्या असे गट पाडून पाच शून्य परिकल्पना लिहिल्या गेल्या, त्याही सगळी माहिती गोळा झाल्यावर. पाचही 'स्वीकारल्या'. वह्यांना परिशिष्टातही जागा मिळाली नाही.

एखादी गोष्ट का घडते, कशी घडते हे शोधणाऱ्या संशोधनावर शून्य परिकल्पनेची सक्ती नको, एवढंच माझं म्हणणं आहे. जिथे मोजण्यासारखं काही नाही तिथे ती आणून बसवली की मूळ प्रश्नच मरतो.

ओळंबा

असहमत. त्या मुलीवर अन्याय झाला हे मान्य, पण त्याचं खापर शून्य परिकल्पनेवर फोडू नका. 'काहीच फरक नाही असं धरून चालू, आता पुरावा दाखवा' हा हट्ट माणसाला स्वतःच्या आवडत्या कल्पनेपासून वाचवतो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे ठोके अनियमित पडतात, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त असतं. काही औषधं हे ठोके आटोक्यात आणतात. म्हणजे औषधानं जीव वाचणार, हे इतकं उघड वाटत होतं की डॉक्टर ती सर्रास देत होते. मग 'कास्ट' नावाची चाचणी झाली. तिचे १९९१ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे : एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, नुसती प्लॅसिबोची, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके सुधारले होते, माणसं मात्र जास्त मेली. 'आम्हाला अनुभवानं माहीत आहे' एवढ्यावर भागवलं असतं तर ती औषधं आणखी किती वर्षं चालली असती? सामाजिक योजनांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण तिथे योजना आखणारा तिच्या प्रेमात असतो.

अंशछेद

ओळंबा, उदाहरण जबरदस्त आहे, पण श्रेय चुकीच्या खात्यात जमा करताय. कास्टमध्ये जीव वाचवले ते तुलनेच्या गटानं आणि कोणाला कोणती गोळी हे नशिबावर सोडण्यानं. शून्य परिकल्पना हा त्यानंतरचा हिशेब.

त्या हिशेबाचा अर्थही लोक उलटा लावतात. चाचणीतून निघणारं पी-मूल्य (ते ०.०५ पेक्षा कमी असेल तर फरक 'सार्थक' मानतात) ०.०५ आलं म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ५ टक्के, असं नव्हे. ती खरी मानली तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता ५ टक्के, एवढंच. समजा एका क्षेत्रात १,००० कल्पना तपासल्या आणि त्यातल्या १०० खऱ्या आहेत. अभ्यास उत्तम असतील, खरा परिणाम ८० टक्के वेळा पकडत असतील, तर ८० खऱ्या हाती लागतील. उरलेल्या ९०० खोट्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, उगाचच 'सार्थक' ठरतील. १२५ निष्कर्षांत ४५ खोटे. नमुना लहान असेल आणि ८० ऐवजी ३०च पकडले जात असतील, तर ७५ मध्ये ४५ खोटे. निम्म्याहून जास्त! २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळचे ९७ टक्के सार्थक होते, दुसऱ्या खेपेला ३६ टक्केच ठरले. मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

ओळंबा

तुलनेचा गट आणि वाटपाबद्दल तुमचं बरोबर आहे, तेवढं मागे घेतो. पण ६३ आणि २६ हे आकडे समोर ठेवले तरी 'योगायोग असेल' म्हणणारा कोणीतरी निघतोच. त्याला गप्प करायला तो हिशेब लागतो.

आणि तुमच्या ४५ खोट्यांवर इलाज आहे : परिकल्पना आधी जाहीर करा. अमेरिकेत सरकारी पैशावर झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या एका अभ्यासात तपासल्या. २००० सालापूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. 'आम्ही अमुक एक गोष्ट मोजणार' हे आधी नोंदवणं बंधनकारक झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. सांजवारा, तुमच्या मार्गदर्शकांचा खरा गुन्हा इथे आहे. पाच परिकल्पना माहिती हातात आल्यावर लिहून घेतल्या.

दुसरं_वर्ष

मी सध्या यातच अडकले आहे. दोन अध्यापन पद्धतींची तुलना, प्रत्येक गटात ३० विद्यार्थी. सरासरी गुणांत ४ चा फरक आला, पण सार्थक नाही. सर म्हणतात 'शून्य परिकल्पना स्वीकारली' असं लिही. लिहू का?

अंशछेद

लिहू नका. दोन्ही गटांत प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप, १० च्या आसपास आहे असं धरतो. मग ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या टप्प्यात असू शकतो तो पट्टा, साधारण −१.२ ते ९.२ येतो. म्हणजे नवी पद्धत किंचित वाईटही असेल किंवा ९ गुणांनी चांगलीही असेल. याला 'फरक नाही' कसं म्हणणार? गटात ३० जण असताना अर्ध्या प्रमाण विचलनाइतका फरक खरोखर असला, तरी तो पकडला जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच असते. ८० टक्के हवी तर प्रत्येक गटात ६४ लागतात. 'शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही' असं लिहा आणि खाली हा इंटरव्हल द्या. सर अडले तर त्यांना सांगा, शून्य परिकल्पना कधीच सिद्ध होत नाही, फार तर खोटी ठरू शकते, हे १९३५ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनंच लिहून ठेवलंय, आणि 'शून्य परिकल्पना' (नल हायपॉथेसिस) हा शब्दही त्याचाच.

ओळंबा

+१. यात आमचं भांडण नाही.

सांजवारा

आधी नोंदवण्याचा मुद्दा पटला. तपासताना यापुढे पहिला प्रश्न तोच विचारेन. पण माझ्या मूळ मुद्द्यावरून मी हललेले नाही. त्या तीन वह्यांत आधी नोंदवण्यासारखं काही नव्हतंच. दप्तराची गोष्ट कुणाच्या परिकल्पनेत आली असती?

ओळंबा

नसती आली. पण तुमच्या चाळीसही जणी परत आलेल्या आहेत. परत न आलेल्या कुठे आहेत? त्याही रात्री पुस्तक उघडत असतील आणि तरी परीक्षेपर्यंत पोचल्या नसतील. त्यांच्याशी बोलल्याशिवाय दप्तरामुळे काही घडलं, असं म्हणता येत नाही.

सांजवारा

यावर काल रात्रभर विचार करत होते. सकाळी तिला फोन केला. वह्या अजून तिच्याकडे आहेत. तिनं दुसऱ्या वहीतलं एक पान वाचून दाखवलं. मुलाखत संपल्यावर त्या दप्तरवाल्या बाई म्हणाल्या होत्या, "माझ्याबरोबर आणखी दोघींची शाळा सुटली होती. त्यांनाही विचारा ना, त्या का नाही आल्या." पानाच्या कडेला त्या दोघींची नावं लिहिलेली आहेत. त्यांच्याकडे अजून कोणी गेलेलं नाही. ती आता जाणार आहे.