गावाला, गावात, गावी: नेमका फरक काय?

नेरूळची_पाहुणी: परवा नवी मुंबईत नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मावशी म्हणाली "गावात जायचंय", आणि मी खुळ्यासारखी हसले, कारण आमच्याकडे गाव म्हणजे संगमेश्वर, तिथे रिक्षाने कोण जातं! तो मात्र सरळ नेरूळ गावाकडे वळला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, आपण "मे महिन्यात गावाला जातो" म्हणतो, "गावात जातो" कधीच नाही. मग गावी काय, गावाकडे काय?

सप्तमी_प्रेमी: व्याकरणाचं सांगायचं तर गावी ही जुनी सप्तमी, घरी-दारी सारखी. पण खरी गंमत वापरात आहे. "तो गावाला गेलाय" म्हटलं की तो परत येणार हे गृहीत, "तो गावी असतो" म्हटलं की तिकडचाच झाला. गावाकडे ही नुसती दिशा, म्हणून गावाकडची माणसं, गावाकडचं लोणचं वगैरे.

लोकल९७: अगदी बरोबर काका. आमच्या मजल्यावरचे चाकरमानी २०२० मध्ये लॉकडाऊन लागल्यावर "गावाला" गेले, सहा महिन्यांनी विचारलं तर बायको म्हणे "ते गावीच असतात आता", आंब्याची कलमं लावलीत. पेपरवाले त्याला उलटं स्थलांतर म्हणतात, तसं बोलताना जिवंत माणूस अजून भेटला नाही मला.

घोडबंदरकर: आमच्या ठाण्यात वेगळीच तऱ्हा. घोडबंदर रोडला राहतो, टॅक्स ठाणे महापालिकेलाच भरतो, तरी नौपाड्यात खरेदीला निघालो की "ठाण्यात जाऊन येतो". बाकी ठाणे, गावठाण, ठाण मांडणे सगळ्यांचं मूळ एकच, स्थान. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक आहे.

करावेकर: ताई, तुमच्या मावशी बरोबर बोलल्या. आमी आगरी माणसं, आमचा गाव करावे, इथलाच (आमच्यात "आमचा गाव", "आमचं" नाय). सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० ला आली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, भातशेती, मिठागरं, सगळं गेलं, तेवढी गावठाणं राहिली आणि चारी बाजूनी सेक्टर उभे राहिले. म्हणून इथे गाव शहराच्या बाहेर नाय, पोटात आहे, मग "गावात"च म्हणणार ना? मे महिन्यात अख्खी सोसायटी गावाला जाते, शाळेत असताना मला मुलं विचारायची तुझा गाव कुठला, मी खिडकीतून दाखवायचो, तर त्यांना वाटायचं थट्टा करतोय.

नेरूळची_पाहुणी: दादा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एजंट विचारायचा "सिडको बघू, साडेबारातलं बघू की गावातलं", मला वाटलं एरियाची नावं आहेत!

करावेकर: साडेबारा म्हणजे साडेबारा टक्के योजना, जमीन गेलेल्यांना जे प्लॉट परत दिले ते. आकडाच नाम झाला. "गावातलं" म्हणजे गावठाणातली बिल्डिंग, भाडं कमी, गल्ली एवढी चिंचोळी की वरच्या माळ्याचं कपाट दोरीने खिडकीतून चढवावं लागतं.

लोकल९७: थोडं विषयांतर, आता शहरच "शाश्वत", म्हणजे सस्टेनेबल, करायचं म्हणतात. शाश्वत म्हटलं की मला आत्माच आठवतो. टिकाऊ म्हणावं तर स्टीलचं पातेलं.

सप्तमी_प्रेमी: तग धरणारं म्हणा की! पण ते सरकारी कागदावर शोभत नाही ना. बरं करावेकर, तुमच्या बोलण्यात मग "गावाला" येतच नाही का?

करावेकर: यायचं नाय. आता येतं. लग्नानंतर उलव्याला फ्लॅट घेतला, रविवारी बामणडोंगरीला लोकल पकडायची, सीवूड्सला उतरायचं की आलं करावे, अर्धा तास पण लागत नाय. तरी पोरगी शनिवारी रात्रीच बॅग भरून बसते, पप्पा उद्या गावाला जायचंय ना.