अनुभव धागा: न खेळलेल्या गेमचे रिव्ह्यू, आणि बाकी जे काय आठवेल ते

डिचोलीवाला

परवा भाच्याला घेऊन गेम विकत घ्यायला बसलो होतो. सेल लागलेला, मला एक गेम दिसायला आवडला, म्हटलं घेऊया. भाचा (वय ११) मान वर न करता म्हणतो, मामा नको, बहात्तर आहे. म्हटलं काय बहात्तर? तर म्हणे मेटाक्रिटिकवर (सगळ्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करणारी साइट) ७२, ऐंशीच्या खालचं तो बघतच नाही. मला दहावीला एकसष्ट होते, म्हणजे मी ह्याच्या लेखी यादीतच नाही.

पण त्यावरून जुनं आठवलं. २००४ साल, आमच्याकडे पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. बाबा म्हणायचे कॉम्प्युटर अभ्यासासाठी आहे आणि कॉम्प्युटरचंही तेच मत होतं. क्लासच्या निमित्ताने पणजीला जायचो तेव्हा कदंबा स्टँडवर डिजिट मासिक घ्यायचो, सीडीसकट. सीडीवर डेमो असायचे, त्यातले निम्मे आमच्याकडे चालायचेच नाहीत. डूम थ्री ला ३८४ एमबी रॅम लागते असं छापलेलं, ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचायचो, वाचून वाचून आकडा कमी होईल अशा आशेने.

हाफ लाइफ टू चे तर जेवढे रिव्ह्यू मिळाले तेवढे पाठ. रेव्हनहोम नावाच्या गावात शिरायचं, गोळ्या जपून वापरायच्या, ग्रॅव्हिटी गनने करवतीचं पातं उचलायचं आणि झॉम्बीवर सोडायचं. कॉलेजात पोरांना असं रंगवून सांगायचो की सगळ्यांना वाटे ह्याच्याकडे आहे. खरा खेळलो सात वर्षांनी, पुण्यात नोकरी लागल्यावर. रेव्हनहोममध्ये शिरलो आणि पहिलं पातं दिसलं तेव्हा भीती वाटायच्या ऐवजी आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटलं. मी खेळलो कमी, वाचलंच जास्त.

मासिकांचा गठ्ठा आईने गणेश चवथीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला. कुठल्या वर्षी ते विचारू नका, अजून राग आहे.

तर तुमचं सांगा. गेम, कार्टून, अ‍ॅनिमे (जपानी कार्टून), कुठे वाचलं, कुणी दाखवलं, काय जळलं, काय हरवलं. काहीही चालेल.

उकडे_तांदूळ

कॉन्ट्रा. मी आणि दादा. तो धबधब्याचा टप्पा आठवतो का कुणाला, वर वर चढत जायचं असतं आणि पुढचा वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि मागचा खाली पडून मरतो. दादा मुद्दाम वर जायचा. माझी तीनच्या तीन लाइफ तिथे जायची आणि मग म्हणायचा तुला खेळता येत नाही. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ह्या कोडने ३० लाइफ मिळतात हे त्याला माहीत होतं आणि त्याने मला दोन वर्षं सांगितलं नाही. दोन वर्षं!! आता दोन मुलांचा बाप आहे, चवथीला घरी आला की मी अजून आरतीच्या आधी विषय काढते.

रापणकार

@उकडे_तांदूळ सगळे दादा सारखेच. आमचा दुसरा रिमोट नुसता हातात द्यायचा, वायर न लावताच.

उकडे_तांदूळ

हाहाहा हे भारी आहे, दादाला पाठवते

वास्कोचा_पोर

"काय जळलं" म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे नुसता वाचायला येतो.

पप्पा बोटीवर होते. ९३-९४ ला एका फेरीत जपानहून सुपर फॅमिकॉम (टीव्हीला लावायचा गेम) आणला, सोबत एकच कॅसेट, सुपर मारिओ वर्ल्ड. सगळा वाडा बघायला आला. पप्पांनी अ‍ॅडॉप्टर प्लगात लावला आणि बटण दाबलं. जपानात वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. फट्ट एवढाच आवाज झाला. मग माशाच्या कढीखाली रॉकेल पेटवल्यासारखा वास. आजी म्हणाली दिष्ट लागली, एवढ्या लोकांना कशाला बोलावलं.

नशीब फक्त अ‍ॅडॉप्टरच गेला. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी बघितलं, दहा व्होल्ट लिहिलंय म्हणाले, आणि मग पाठीमागची खूण बघून थांबले. आपल्या अ‍ॅडॉप्टरला बहुतेक आत प्लस बाहेर मायनस, ह्याला उलटं, आत मायनस. त्यांनी पिन कापून वायर उलटी जोडली, वर लाल चिकटपट्टी लावली आणि मला बोट दाखवून म्हणाले ही पट्टी नसलेला अ‍ॅडॉप्टर लावलास तर माझ्याकडे येऊ नकोस.

चालू झाला! पण चित्र ब्लॅक अँड व्हाइट. जपानी सिग्नल एनटीएससी, आमचा टीव्ही पाल वाला, रंग त्याला कळेचनात. चार वर्षं मी मारिओ काळापांढराच खेळलो. मेन्यूतलं सगळं जपानीत, ते चित्रासारखं लक्षात ठेवायचं. कॉलेजात मित्राच्या कॉम्प्युटरवर तोच गेम बघितला आणि पहिल्यांदा कळलं की योशी हिरवा आहे.

सोलकढी_रिफिल

योशी हिरवा आहे 😭😭

पेडण्याचा_पावणा

अरे पण ह्यात एक हिशेब बघा. आपलं लोहखनिज पोर्तुगीज काळापासून जपानला जायचं, बार्जमधून मांडवीतून मुरगावला आणि तिथून बोटीत. म्हणजे आपले डोंगर गेले तिकडे आणि तिकडून मारिओ आला. बरा सौदा झाला म्हणायचा का?

डिचोलीवाला

@पेडण्याचा_पावणा पात्रांव, मी डिचोलीचा. आमच्या दारातून ट्रक जायचे, मासिकाच्या पानांवरसुद्धा लाल धूळ. सौदा कसा झाला ते मला नका विचारू.

रापणकार

खाण विषय काढू नका, मागच्या वेळी त्यावरून धागा बंद झालेला

बायो_फोंडा

मी गेम वगैरे खेळत नाही पण आईच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं. माझ्या दोन्ही मुलांनी हिंदी डोरेमॉनकडून शिकली. घरात आम्ही मराठी कोंकणी, शाळेत इंग्रजी, आणि धाकटा चार वर्षांचा असताना भात संपवून म्हणतो "मम्मी मेरा पेट भर गया". सासूबाई म्हणाल्या हा कुणाचा पोर? २०१९ ला आपल्या गोव्याच्या आयटी मंत्र्यांनी पबजी घराघरातला राक्षस झालाय असं म्हटलेलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली तर थोरला तीन दिवस जेवला नाही धड आणि मलाच वाईट वाटलं. कारण लॉकडाऊनमध्ये तो त्याच गेमवर त्याच्या मित्रांशी बोलायचा, मारामारी कमी, गप्पाच जास्त. एकदा दाराबाहेर उभी राहून ऐकलं तर एकमेकांना विचारत होते आज जेवायला काय केलंय.

थांबा पोदेर (पाववाला) आला

सोलकढी_रिफिल

ताई पोदेर संध्याकाळचा की सकाळचा, आमच्याकडे संध्याकाळचा येणं बंद झालंय

बायो_फोंडा

संध्याकाळचा. पोळी संपली होती, उंडो पाव घेतला.

खोडरबर

व्हाइस सिटी गेमचे कोड वहीच्या मागच्या पानावर, हे सगळ्यांनीच केलंय. पण माझं वेगळं नुकसान झालं. तब्येत भरायचा कोड ॲस्पिरीन, पण गेममध्ये त्या स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ई आहे. मी तो इतक्या वेळा टाइप केला की बोटांना सवय लागली. आठवीत सायन्सच्या पेपरात औषधाचं नाव लिहिलं, शेवटी ई. बाईंनी अर्धा मार्क कापला. मी वाद घालायला गेलो की बाई असंच असतं, कुठे वाचलंस, आणि मी गप्प.

सध्या_पर्वरी

मूळ प्रश्नाकडे. मी दीड वर्ष एका साइटसाठी गेमचे रिव्ह्यू लिहिलेत (नाव सांगणार नाही, पैसे अजून यायचेत). तेव्हा भाच्याच्या ७२ बद्दल थोडं.

बाहेरून वाटतं फुकट गेम मिळतात, मजा आहे. खरं असं की गेम चालू करायचा कोड येतो रिलीजच्या तीनचार दिवस आधी, सोबत एम्बार्गो, म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजता आधी एक शब्द छापायचा नाही. गेम चाळीस तासांचा. मग तुम्ही मजा म्हणून खेळत नाही, सुगीच्या दिवसात भात कापतात तसे कापत जाता. बाजूच्या गोष्टी सोडून, गावातल्या माणसांशी न बोलता, सरळ शेवटाकडे. आणि रात्री तीनला ठरवायचं सात की आठ. मी एका गेमला सात दिले आणि सहा महिन्यांनी निवांत खेळलो तर तो नऊचा होता. गेम तोच, माझी झोप झालेली.

आणि आकड्याची वजनं बघा. फॉलआउट न्यू व्हेगस, २०१०. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस मिळणार होता, आले ८४. त्यांच्याच माणसाने नंतर सांगितलेलं. एका गुणाने नापास, आपल्याकडे निदान ग्रेस मार्क तरी देतात. जपानात फामित्सु मासिकात चार जण प्रत्येकी दहापैकी देतात, एकूण ४०. पहिले चाळीसपैकी चाळीस ऑकारिना ऑफ टाइम ह्या गेमला, १९९८. तिथे निदान चार वेगवेगळे आकडे दिसतात, एकाला आवडला नाही तर तेही दिसतं. मेटाक्रिटिकवर खाली जाऊन एकेक रिव्ह्यू वाचता येतो, पण कोण जातो. सगळ्यांची भेळ करून एक नंबर, आणि तो नंबर भाच्याच्या हातात.

खोडरबर

पण मग सायबरपंक गेमचं काय? तेव्हा तर रिव्ह्यू चांगलेच होते

सध्या_पर्वरी

@खोडरबर डिसेंबर २०२० ला रिलीजच्या आधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीचा कोड दिला होता, आणि स्वतः काढलेला व्हिडिओ दाखवायचीही परवानगी नव्हती. जुन्या कन्सोलवर तो कसा रडतो ते कळलं लोकांनी पैसे देऊन झाल्यावर. आठवडाभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातूनच काढला. म्हणजे रिव्ह्यू खोटे नव्हते, दुसऱ्याच मशीनचे होते. तुझ्या बांगड्याचा भाव मी इसवणाकडे (सुरमईकडे) बघून सांगितला असं समज.

रापणकार

इसवण आज किती ने आहे म्हापशाला कुणाला माहीत आहे का

डिचोलीवाला

@सध्या_पर्वरी हे वाचून मासिकातल्या त्या लेखकांची दया आली. त्यांनी दोन पानं लिहायची, ती मी चाळीस वेळा वाचायची. आकडा होता खाली कोपऱ्यात, पण मला आठवतोय तो करवतीच्या पात्याचा परिच्छेद, किती गुण दिले होते ते नाही आठवत. आणि भंगारवाल्याचं सोडा, गेम इन्फॉर्मरसारखं १९९१ पासूनचं मासिक २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं तेव्हा वेबसाइटही एका दिवसात गायब, सगळे जुने लेख गेले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये परत आलं हे नशीब. माझ्या आईने निदान किलोमागे पैसे तरी घेतले.

शेवग्याची_शेंग

मी २००४ चा जन्म त्यामुळे कॉन्ट्रा वगैरे नाही. मी वन पीस ही मालिका बघणारा. २०२१ च्या नोव्हेंबरात हजारावा एपिसोड आला तेव्हा मी दोनशे तेविसाव्यावर होतो, अजून धावतोय मागे. मराठीत ह्यावर कुणी लिहितच नाही ओ, पेपरात अ‍ॅनिमे कधी येतं तर "मुलांमध्ये वाढतं वेड". गेल्या वर्षी सप्टेंबरात, २०२५ ला, डीमन स्लेयरचा सिनेमा बघायला थिएटरात गेलो, जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल, सोबत आजी आली कारण घरी तिला एकटं ठेवायचं नव्हतं. मला वाटलं झोपेल. मध्यंतरात म्हणते, ते पोर राक्षस मारायच्या आधी त्याची कहाणी ऐकून घेतं, आपल्या दशावतारात पण राक्षसाला बोलायला भरपूर वेळ देतात. एवढा नेमका रिव्ह्यू मी कुठे वाचला नाही.

बायो_फोंडा

आजींना नमस्कार सांग रे

पेडण्याचा_पावणा

आमच्या पिढीला अ‍ॅनिमे शब्द नव्हता पण बघितलं होतं. दूरदर्शनवरचं रविवारचं जंगल बुक! ते मूळ जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं, १९८९ चं. हे मला चाळिशीत कळलं. शेरखान तर आपला नाना पाटेकर, मग जपानी कुठून वाटणार.

सोलकढी_रिफिल

काय??? मोगली जपानी???

उकडे_तांदूळ

मला पण आत्ता कळलं. दादाला हेही पाठवते

खोडरबर

माझ्याकडे जुना बदकं मारायचा गेम आणि बंदूक अजून आहे, ओल्ड गोव्याच्या फेस्ताच्या फेरीत घेतलेली. नवीन टीव्हीला लावला, गेम चालतो पण एकही बदक मरत नाही. कॅसेटच्या पिना आपल्या खाऱ्या हवेने हिरव्या झालेल्या, त्या रबराने घासून साफ केल्या, तरी तेच. बंदूक मेली का?

वास्कोचा_पोर

@खोडरबर बंदूक ठीक असेल, टीव्ही चुकीचा आहे. खटका दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतून काही जात नाही, तिच्या नळीत प्रकाश बघणारा डोळा आहे, त्याला त्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक मेलं. नवीन टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. जुना ढेरपोट्या टीव्हीच पाहिजे.

खोडरबर

तो कुठून आणू आता, सगळ्यांनी भंगारात दिले

पेडण्याचा_पावणा

माझ्याकडे आहे. चालू आहे. सध्या त्याच्यावर मिक्सर ठेवलाय.

खोडरबर

@पेडण्याचा_पावणा खरंच?? रविवारी आलो तर चालेल का, बंदूक घेऊन

पेडण्याचा_पावणा

ये की. फक्त "बंदूक घेऊन येतो" असं फोनवर बोलू नकोस, बायको उचलते.

डिचोलीवाला

मी पण येऊ का, भाच्याला घेऊन? तो ७२ वाला शेवटी घेतला, काल रात्री अकरापर्यंत उठला नाही, मग लाइट गेली. बदकांचा स्कोअर काय असतो विचारतोय.

पेडण्याचा_पावणा

या सगळे. येताना म्हापशाहून पाव आणा, आमच्याकडचा पोदेर रविवारी येत नाही.