मदत हवी आहे: कानाच्या संसर्गानंतरची चक्कर, दीड महिना झाला तरी तोल येत नाही

मंडळी, मी गुहागरकडचा, वय ५२. गणपतीत सर्दी झाली होती, तिकडे दुर्लक्ष केलं. गौरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठायला गेलो तर आढ्याचे वासे गरगर फिरायला लागले. दोन दिवस उलट्या, डाव्या कानात गुंई आणि ऐकूही कमी. बीपी, शुगर ठीक. चिपळूणला कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्या नाकाकडे बघायला सांगून माझं डोकं झटकन डावीकडे वळवलं. म्हणाले, बघा, नजर घसरते आणि मग जागेवर येते. लॅबिरिन्थायटिस, म्हणजे आतल्या कानाला सूज.

गरगरणं आठवड्याभरात थांबलं. उरलंय ते चमत्कारिक आहे. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की क्षणभर जेटीच हलतेय असं वाटतं ना, तसं मला स्वतःच्या खळ्यात वाटतं. दिवसा निभतं. लाइट गेली (ती जातेच) की पडवीतून न्हाणीपर्यंत भिंत धरून जायचं. परवा डोळे मिटून तोंड धुताना डावीकडे कललो, तांब्या हातातून सुटून थेट अळवात. डॉक्टर म्हणतात, डावा कान सध्या धड खबर देत नाही, तोल डोळ्यांवर आणि पायांवर चाललाय.

चक्करेच्या गोळ्या त्यांनी चार दिवसांतच बंद केल्या, नाहीतर मेंदू नव्याने तोल सांभाळायला शिकत नाही म्हणे. त्याऐवजी व्यायाम: हात लांब करून अंगठ्यावर नजर ठेवायची आणि मान 'नाही नाही' अशी हलवायची. मिनिटभरात मळमळतं. घरची म्हणते, "त्रास होतो तर कशाला करता? पडून राहा." पण पडून राहिलो की दुसऱ्या दिवशी जास्तच डोलतो. शेजारचे काका गाऱ्हाणं घाल म्हणतात. भाचा डोकं खाटेवरून लोंबतं ठेवायचे व्हिडिओ पाठवतो. तो उपाय कानातले खडे सरकतात त्यांच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, हे डॉक्टरांना विचारून झालंय.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा: व्यायामाने आधी वाढून मग कमी झालं का, की मीच अती करतोय? अंधारात बिनधास्त चालायला किती दिवस लागले? मोहराची फवारणी तोंडावर आलीय आणि मान वर केली की पाय सुटतात; गडी मिळत नाहीत. स्कूटर बंदच आहे. पुढच्या महिन्यात कुंभार्ली घाटातून एसटीने कराडला लग्नाला जायचंय, पुढची सीट धरेन, आणखी काय करू?

गोळ्यांची नावं नकोत, ती डॉक्टर बघतील. अनुभव हवेत.