गाडीच्या आतल्या साफसफाईला तुम्ही काय वापरता? अनुभव लिहा

नवीन गाडी आलीये, आतून सगळी बेज. घरात दोन लहान मुलं, गावाला सारखं जाणं-येणं, आणि दुकानात डॅशबोर्ड पॉलिशच्या इतक्या बाटल्या की कुठली उचलायची तेच कळत नाही, दुकानदार हाताला येईल ती देतो. म्हणून हा धागा काढतेय. नुसतं प्रॉडक्टचं नाव नको, कुठल्या भागावर वापरता, गाडी कुठल्या हवेत उभी असते तेही लिहा. नागपूरचं ऊन आणि रत्नागिरीचा पाऊस, दोन्हीकडे एकच बाटली कशी चालेल?

विदर्भवाला :
आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, बंद गाडी उन्हात राहिली की डॅशबोर्ड ७० च्याही पुढे तापतो, हात ठेववत नाही. इथं चमक नको, ऊन अडवणारं पाहिजे. बाटलीवर दोन गोष्टी बघायच्या, यूव्ही प्रोटेक्शन लिहिलंय का आणि वॉटर बेस्ड आहे का. मी ३०३ नावाच्या ब्रँडचं प्रोटेक्टंट (प्लॅस्टिकला उन्हापासून जपणारं लिक्विड) लावतो, महाग आहे पण सुकल्यावर मॅट राहतं, बोटाला काही लागत नाही. तेलकट सिलिकॉनवालं लावलं की पहिल्या दिवशी गाडी शोरूममधून काढल्यासारखी दिसते, मग त्याच्यावर धूळ बसते ती निघता निघत नाही, आणि दुपारी डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसते. वर्धा रोडला समोरून ट्रक येत असताना ते नको वाटते. आणखी एक, काचेला आतून जो धुरकट थर येतो तो सगळा बाहेरच्या धुळीचा नसतो, तापलेल्या प्लॅस्टिकमधून जे निघते ते काचेवर जाऊन बसते, नवीन गाडीत तर जास्तच. म्हणून कुठलंही प्रॉडक्ट घ्या पण सनशेड आधी घ्या.

काळीपिवळी :
माझा धंदाच गाडीचा, मुंबईत टॅक्सी चालवतो. महागडं काही परवडत नाही. रात्री ब्रशने धूळ काढायची, ओलं मायक्रोफायबर पिळून एक हात, मग कोरडं फडकं, बस्स. पण एक गोष्ट सगळ्यांना कळकळीने सांगतो, पॉलिश स्टिअरिंगला, गिअरच्या नॉबला आणि पेडलला लागता कामा नये. एका वॉशिंग सेंटरवाल्याने मला न विचारता पेडलपासून मॅटपर्यंत सगळं चकचकीत करून दिलं, आणि पुढच्याच सिग्नलला ब्रेकवरून माझा पाय सटकला. मागे एक म्हातारी बाई बसल्या होत्या, देवाच्या दयेने पुढे कोणी नव्हतं. तेव्हापासून गाडी देतानाच सांगतो, आत फक्त पुसा, लावू काही नका. आणि ते सॅनिटायझर, २०२० मध्ये पॅसेंजर हात चोळायचे आणि तसेच दाराला लावायचे, मागच्या दोन्ही हँडलजवळचं रेक्झिन फिकं पडलं ते पडलंच.

तळकोकण :
आमचा दुश्मन बुरशी. जुलैत गाडी आठवडाभर बंद राहिली की सीटवर, बेल्टवर पांढरे ठिपके. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यावर मारायचं आणि पुसायचं, सीट भिजवायची नाही, मग चारी दारं उघडून पंखा लावायचा. ऊन पडलं तर सोन्याहून पिवळं. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून वरच्या टोकाला चिमटा लावायचा म्हणजे तो आत जात नाही, साध्या सौम्य साबणाने पुसायचा आणि खडखडीत सुकल्यावरच सोडायचा. बेल्टला ब्लीच कधीच नको, त्याने पट्ट्याचे धागे कमजोर होतात आणि वरून बघून ते कळतही नाही. घरी पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, आतला ओलावा सुकतो, कुबट वास बराच कमी होतो.

कोल्हापूरची सूनबाई :
ताई, बेज आहे म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्याकडे लग्नाहून येताना ओटीतली हळद मागच्या कापडी सीटवर सांडली. भाऊजींनी लगेच कपडे धुवायचा साबण घासला तर पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला, घरात सगळे घाबरले की सीट जळली. जळली बिळली काही नव्हती, हळदीला साबणातला क्षार लागला की ती लाल होते. व्हिनेगरच्या पाण्याने टिपलं तर परत पिवळी. मग काही घासलं नाही, गाडी रोज डागाच्या बाजूने ऊन येईल अशी लावत गेलो आणि डाग आपोआप फिका होत गेला, आता दाखवला तरच दिसतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पांढऱ्या साडीवरच्या डागाला आई हेच करायची. कुंकवाला मात्र हे चालत नाही, ते कोरडं असतानाच व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, पाणी लागलं की पसरलं.

डिटेलिंगवाला, पुणे :
वरचे सगळे अनुभव बरोबर आहेत, थोडी भर घालतो. लोक साफ करणारं आणि जपणारं एकच समजतात. मळ तसाच ठेवून वरून ड्रेसिंग, म्हणजे पॉलिश किंवा प्रोटेक्टंट, मारलं की मळावरच थर बसतो. आधी ऑल पर्पज क्लीनर, एकास दहा पाणी, नेहमी फडक्यावर मारायचा, थेट डॅशबोर्डवर नाही, नाहीतर बटणांच्या फटीत जातो. शिवणीला आणि एसीच्या जाळीला मऊ ब्रश. ते सुकल्यावर मग प्रोटेक्टंट, अगदी थोडं. तुमच्या सीट लेदरच्या म्हणून विकल्या असतील तरी बहुतेक गाड्यांत लेदरेट असतं, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयू प्लॅस्टिकचं नकली चामडं, त्यात लेदर कंडिशनर मुरत नाही, नुसता वर चिकटून बसतो. पैसे वाचवा, सौम्य क्लीनर पुरे. काळ्या चकचकीत पॅनलला तो पांढरा मॅजिक स्पंज लावू नका, तो बारीक सँडपेपरचंच काम करतो, ओरखडे कायमचे. टचस्क्रीनला आणि फिल्म लावलेल्या काचेला अमोनियावालं ग्लास क्लीनर नको, स्क्रीनला हलकं ओलं मायक्रोफायबर बास. मायक्रोफायबर धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर टाकू नका, मग ते पाणीच शोषत नाही. आणि काहीही नवीन आणलं की आधी सीटखाली, जिथे कोणाला दिसत नाही तिथे लावून, सुकवून बघा.

दुबईकर :
इकडे वाळू. कोरड्या फडक्याने पुसलं की बारीक रेघा, म्हणून आधी व्हॅक्यूम, मगच ओलं. बाकी विदर्भवाले दादांना अनुमोदन, सनशेडशिवाय पर्याय नाही.

धागाकर्ती :
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! डिटेलिंगवाले दादा, धाकट्याने परवा दुधाची बाटली सांडली, सीट धुतली तरी वास जात नाहीये. बेकिंग सोडा टाकू का?

डिटेलिंगवाला, पुणे :
ताई, सोडा वरचा वास ओढतो पण दूध खाली फोममध्ये गेलं असेल तर पुरणार नाही. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, पेट शॉपमध्येही असतं, ते डागावर मारून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या, मग वेट व्हॅक्यूमने ओढून घ्या. गरम पाणी वापरू नका, दुधातलं प्रोटीन आतच घट्ट बसतं. सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग असेल तर तो भाग भिजवू नका. कार्पेटही उचलून बघा, दूध उतारावरून तिथे जाऊन बसलेलं असतं, बऱ्याचदा वास तिथूनच येतो.