फलक क्रमांक ४ चा मजकूर: शुक्रवारी दुपारपर्यंत निर्णय हवा

प्रेषक: सचिव, क्रीडा उपसमिती

सर्वांस नमस्कार,

छपाईवाल्याने शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अंतिम मजकूर मागितला आहे. फलक १ ते ३ मंजूर झाले आहेत. फलक ४ वर टेनिसपटू सॅम्प्रस आणि फेडरर यांच्या विंबल्डनमधील २००१ च्या सामन्याचे छायाचित्र असून त्याखाली सध्या असे वाक्य आहे: "२००१ साली विंबल्डनचे गवत बदलले आणि सर्व्ह अँड व्हॉलीचा खेळ संपला." (म्हणजे सर्व्हिस करताच नेटकडे धावून, चेंडू टप्पा पडण्याआधीच मारण्याचा खेळ.) अण्णांनी बैठकीत या वाक्यास हरकत घेतली होती, परंतु सभागृहाची वेळ संपल्यामुळे चर्चा अर्धवट राहिली. ज्यांना बदल हवा असेल त्यांनी पर्यायी वाक्यही सोबत पाठवावे, ही विनंती. चौकटीत चाळीस शब्दांपेक्षा अधिक मजकूर बसत नाही.

प्रेषक: अण्णा

सचिव महोदय,

माझी हरकत गवताच्या उल्लेखाला नाही, सगळे खापर गवतावर फोडण्याला आहे. गवत बदलले हे खरेच आहे. पूर्वी तेथे ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू जातीचे मिश्रण पेरले जाई, ते २००१ पासून पूर्णपणे राय झाले, आणि कोर्ट पंधरवडाभर टिकावे असे कारण विंबल्डनने दिले होते. मात्र नेटवरच्या खेळाची घसरण त्याच्या किती तरी आधी सुरू झाली होती. १९७४ पर्यंत चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी तीन गवतावर होत असत. अमेरिकन स्पर्धेने १९७५ मध्ये गवत सोडले आणि १९७८ पासून ती हार्ड कोर्टवर आली. ऑस्ट्रेलियन स्पर्धा १९८७ पर्यंत मेलबर्नमधील कूयाँगच्या गवतावर झाली आणि १९८८ मध्ये तिनेही हार्ड कोर्ट स्वीकारले. ज्या मुलाला वर्षाचे मोजके आठवडेच गवतावर खेळायला मिळणार, त्याला प्रशिक्षक लहानपणापासून सर्व्हिसमागे धावायला कशासाठी शिकवेल? पुढे बंदिस्त सभागृहांतील कार्पेट कोर्टेही २००९ पासून एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या) स्पर्धांतून गेली, म्हणजे नेटवरच्या खेळाडूचा उरलासुरला आधारही गेला.

दुसरे कारण गटिंगचे, म्हणजे रॅकेटच्या तारांचे. सॅम्प्रस अखेरपर्यंत नैसर्गिक गटवर, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या तारांवर खेळला. १९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ व्या स्थानावर असलेल्या गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच स्पर्धा जिंकली, ती बेल्जियमच्या लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर गटिंगवर. या तारा चेंडूच्या दाबाने बाजूला सरकतात आणि लगेच जागेवर परततात, त्यामुळे पूर्ण ताकदीने मारलेला फटकाही भरपूर टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) घेऊन शेवटच्या क्षणी खाली वाकतो. नेटकडे धावत येणाऱ्या खेळाडूला पूर्वी छातीच्या उंचीवर मिळणारा चेंडू आता बुटांपाशी मिळू लागला. तेथून व्हॉली मारणे एडबर्गसारख्या नेटवरच्या निष्णात खेळाडूलाही जड गेले असते.

पर्यायी वाक्य रात्री पाठवतो.

प्रेषक: नाना

अण्णांनी गटिंगविषयी जे लिहिले आहे ते मान्य आहे, परंतु गवताला ते फार लवकर सोडून देतात. मी विंबल्डनजवळच्या साउथफील्ड्स स्थानकावर उतरून विंबल्डन पार्कच्या रांगेत उभा राहू लागलो तेव्हापासून एक गोष्ट डोळ्यांनी पाहत आलो आहे. बेकर आणि एडबर्ग १९८८ ते १९९० असे सलग तीन अंतिम सामने खेळले, त्या काळात शेवटच्या रविवारी कोर्टवर बेसलाइनपासून (मागच्या रेषेपासून) नेटकडे जाणारा तपकिरी पट्टा उमटलेला असे. सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्यांच्या पायांनी ते गवत अक्षरशः झिजवलेले असे. आज अंतिम सामन्याच्या दिवशी पाहा. बेसलाइनच्या मागे माती उघडी पडलेली असते आणि सर्व्हिस कोर्टच्या पुढचा भाग पहिल्या सोमवारसारखा हिरवागार असतो. आता गवताखालची मातीही पूर्वीपेक्षा कोरडी व घट्ट ठेवली जाते, त्यामुळे चेंडू घसरत न जाता उसळी घेतो आणि परतीचा फटका मारणाऱ्याला अर्धा क्षण अधिक मिळतो. तेवढा वेळ या पातळीवर पुष्कळ झाला. २००१ चा अंतिम सामना इव्हानिसेविच आणि राफ्टर या दोन नेटवरच्या खेळाडूंचा होता, आणि लगेच २००२ मध्ये ह्यूइट आणि नालबंदियन हे दोघे मागे राहून खेळले. एका वर्षात दोघांनीही गटिंग बदलले, असे अण्णांना म्हणायचे आहे काय?

वाक्य आहे तसेच राहावे असे माझे मत आहे.

प्रेषक: खजिनदार

मजकूर कोणताही असो, फलकाचा आकार बदलल्यास छपाईचा खर्च वाढेल आणि तो मंजूर अंदाजपत्रकात नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रेषक: अण्णा

नाना, आपला तपकिरी पट्टा मीही पाहिला आहे आणि तो गेल्याचे दुःख मलाही आहे. पण खेळाडू पुढे येईनासे झाले म्हणून पट्टा गेला. ते का येईनासे झाले, याचे उत्तर पट्टा देत नाही. आपले दोन अंतिम सामने हे दोन वेगळ्या जोड्यांचे आहेत. त्याऐवजी एकाच खेळाडूकडे पाहू. फेडररने २००१ मध्ये चौथ्या फेरीत सॅम्प्रसला पाचव्या सेटमध्ये ७-५ असे हरवले, तेव्हा १९ वर्षांचा हा मुलगा सॅम्प्रसइतकाच सातत्याने नेटकडे जात होता. २००३ मध्ये त्याने पहिले विंबल्डन जिंकले तेव्हा गवत नवेच होते, तरीही तो सर्व्हिसमागे वारंवार पुढे जात होता. २००८ च्या नदालविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र तो बहुतांशी मागे राहून खेळला. त्या पाच वर्षांत गवत तेच होते. समोरून येणारा परतीचा फटका बदलला होता.

शिवाय जुन्या, वेगवान गवतावरही मागे राहून जिंकता येत होते, हे आगासीने १९९२ मध्ये इव्हानिसेविचला पाच सेटमध्ये हरवून दाखवले आहे. बोर्गची १९७६ ते १९८० ही पाच विजेतेपदे मी येथे आणत नाही, कारण विंबल्डनमध्ये तो स्वतः पुष्कळदा सर्व्हिसमागे पुढे जात असे, आणि ही बाब बरेच जण विसरतात.

प्रेषक: माई

अण्णा आणि नाना या दोघांच्याही पत्रांत एकाही स्त्री खेळाडूचे नाव नाही, याकडे मी नम्रपणे लक्ष वेधते. नेटवरच्या खेळाविषयी फलक करायचा आणि मार्टिना नवरातिलोव्हाचा उल्लेख नाही, हे कसे चालेल? एकेरीची नऊ विंबल्डन विजेतेपदे तिच्या नावावर आहेत, त्यांतले शेवटचे १९९० चे. १९९८ चा अंतिम सामना याना नोव्होत्ना आणि नताली तोझिया यांचा झाला, तेव्हा दोघीही नेटकडे धावत होत्या. पाच वर्षांपूर्वी जिंकत आलेला अंतिम सामना हातून निसटल्यावर ब्रिटिश राजघराण्यातील डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोके ठेवून रडलेली नोव्होत्ना ज्यांनी पाहिली होती, त्या सर्वांनी तो विजय स्वतःचा मानला.

खेळ "संपला" या शब्दालाही माझा विरोध आहे. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही पुण्यात होतो, तेव्हा बालेवाडीला महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना पाहिला. केविन अँडरसनविरुद्ध इव्हो कार्लोविच, वय ३९, उंची दोन मीटर ११ सेंटिमीटर. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. कार्लोविच दुसऱ्या सर्व्हिसनंतरही लांब टांगा टाकत पुढे यायचा, बॅकहँड स्लाइस करून नेट गाठायचा, आणि माझ्या शेजारी बसलेले, डेक्कन जिमखान्यावर आयुष्यभर खेळलेले एक गृहस्थ प्रत्येक व्हॉलीला मांडीवर थाप मारून दाद देत होते. कार्लोविच तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरला, पण ते कोर्ट हार्ड कोर्ट होते हे नानांनी लक्षात घ्यावे.

प्रेषक: नाना

माई, कार्लोविचच्या सर्व्हिसवर कोणीही कोणत्याही कोर्टवर पुढे येऊ शकेल. ते उदाहरण अपवादाचे आहे. नवरातिलोव्हाविषयी मात्र आपले म्हणणे रास्त आहे. तिच्यासाठी स्वतंत्र फलक हवा, याच फलकात तिला एका ओळीत कोंबणे मला योग्य वाटत नाही.

प्रेषक: युवा विभाग

अण्णाकाका, नानाकाका, माईमावशी, सर्वांना नमस्कार.

शनिवारच्या सरावाला येणाऱ्या आमच्या मुलांसाठी हा फलक सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून लिहीत आहे. या मुलांनी सॅम्प्रसला पाहिलेले नाही, पण अल्काराझला पाहिले आहे, आणि "नेटवरचा खेळ संपला" हे वाक्य वाचून ती आम्हाला लगेच विचारतील की मग अल्काराझ काय करतो? २०२३ च्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये ५-४ वर तो विजेतेपदासाठी सर्व्हिस करत होता. पहिल्याच गुणाला त्याचा ड्रॉप शॉट (नेटपलीकडे हळूच टाकलेला चेंडू) चुकला. पुढच्या गुणाला त्याने पुन्हा ड्रॉप शॉटच मारला आणि जोकोविच धावत आल्यावर त्याच्या डोक्यावरून लॉब टाकला. अशा वेळी बहुतेक खेळाडू सुरक्षित फोरहँडकडे वळतात.

आणखी एक बदल घडत आहे. मेदवेदेवसारखे खेळाडू सर्व्हिस परतवण्यासाठी बेसलाइनच्या बरेच मागे उभे राहतात. टॉपस्पिनच्या जोरावर तेथूनही चेंडू खोल परत जातो, पण तो पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सर्व्हिस करणारा नेट गाठू शकतो. त्यामुळे अधूनमधून, समोरच्याची जागा पाहून पुढे जाणे पुन्हा फायद्याचे ठरते. आमच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो, की सर्व्हिस करण्यापूर्वी समोरचा कोठे उभा आहे ते पाहा. दुहेरीचाही विचार व्हावा. पेस आणि भूपती यांनी १९९९ मध्ये विंबल्डन जिंकले ते नेटवरच, आणि गवत बदलल्यानंतरही दुहेरीत नेटजवळची जागा कोणी सोडलेली नाही, कारण तेथे अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते.

प्रेषक: मुखपत्र संपादक

फलकांच्या मजकुराचे शुद्धलेखन मुखपत्राकडून तपासून घ्यावे, असा ठराव वार्षिक सभेत झाला आहे. चर्चा कितीही चालो, अंतिम वाक्य माझ्याकडे आल्याशिवाय छपाईला जाऊ नये. "सर्व्ह अँड व्हॉली" हे शब्द मुखपत्रात जोडचिन्हाविना छापले जातात, तसेच फलकावरही छापावेत.

प्रेषक: अण्णा

युवा विभागाचे पत्र वाचून मी माझा मसुदा पुन्हा लिहिला. "संपला" हा शब्द काढला आहे.

"१९७४ पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर होत. पुढे कोर्टे बदलली, पॉलिएस्टरच्या गटिंगमुळे परतीचा फटका धारदार झाला आणि २००१ मध्ये विंबल्डनचे गवतही बदलले. त्यामुळे प्रत्येक सर्व्हिसनंतर नेटकडे धावणारे खेळाडू एकेरीत क्वचितच दिसतात."

प्रेषक: नाना

या मसुद्यात गवत शेपटासारखे मागे लावले आहे. "गवतही बदलले" एवढ्याने वाचणाऱ्याला काय कळणार? गवत पूर्वीही हिरवे होते आणि आजही हिरवेच आहे. "विंबल्डनचे गवत बदलून चेंडूची उसळी वाढली" असे लिहिणार असाल तर मी मान्यता देतो, त्याहून कमी चालणार नाही.

प्रेषक: अण्णा

उसळी वाढण्यात मातीचाही वाटा आहे, हे आपणच वर लिहिले आहे. "गवत व माती बदलून" असे करू.

प्रेषक: नाना

माती बदलली असे मी लिहिलेले नाही, ती कोरडी व घट्ट ठेवली जाते असे लिहिले आहे. "गवत बदलून व माती घट्ट ठेवल्याने चेंडूची उसळी वाढली" असे करावे. शब्द मोजून पाहिले आहेत, चाळिसाच्या आत बसतात.

प्रेषक: सचिव, क्रीडा उपसमिती

नानांची दुरुस्ती घातलेला अण्णांचा मसुदा मुखपत्र संपादकांकडे पाठवला आहे. छायाचित्र तेच राहील. युवा विभागाने अल्काराझविषयी जे लिहिले आहे ते या चौकटीत मावत नाही, म्हणून उद्घाटनाच्या दिवशी फलकाशेजारी उभे राहून त्यांनी मुलांना समजावून सांगावे, ही विनंती. नवरातिलोव्हाच्या स्वतंत्र फलकासाठी छपाईवाल्याने सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. खजिनदारांच्या सूचनेनुसार तो त्याच आकाराचा असेल. मजकूर कोण लिहील?

प्रेषक: माई

मी लिहिते. १९७८ चा एव्हर्टविरुद्धचा अंतिम सामना आणि १९९० चा गॅरिसनविरुद्धचा, या दोन्हींचा उल्लेख करणार आहे. नोव्होत्नासाठी एक वाक्य राखून ठेवावे. चाळीस शब्दांची मर्यादा या फलकाला पन्नास करता येईल काय, ते आजच कळवावे.