गाठ आईची, सही दादाची: कॅन्सरच्या पेशंटला कोण विचारतं?

येळ्ळूरची लेक
दोन वर्षांपूर्वी ऐन भाताच्या सुगीत आईच्या डाव्या स्तनात गाठ लागली. मळणी उरकेपर्यंत तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढे बेळगावात तुकडा तपासला. रिपोर्ट आला त्या दिवशी आई बाहेर बाकावर बसली होती आणि डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावलं. पाच मिनिटांत ठरलं, पूर्ण स्तन काढायचा. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. दादानं सही केली, आईनं त्याच्या बोटाखाली दाखवलेल्या जागी केली. तिला सांगितलं, "बारकं ऑपरेशन हाय, गाठ काढत्यात."

पट्टी सोडली तेव्हा तिला कळलं. ती रडली नाही. घरी आल्यावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा फाडला, त्याची घडी घालून पोलक्याच्या डाव्या बाजूला बसवत राहिली. घडी खाली सरकायची, ती परत वर करायची.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तर शेजारच्या बाईनं सांगितलं, तिची नुसती गाठ काढली आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दिला. येताना बसमध्ये आई म्हणाली, "मला कुणी इचारलं कसं न्हाई?"

नंतर मी वाचत गेले. गाठ लहान आणि सुरुवातीच्या टप्प्यातली असेल, तर बऱ्याच बायकांत दोन्ही मार्ग खुले असतात. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे इटली आणि अमेरिकेत वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून २००२ साली छापून आलं. आईची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती. तिला दुसरी वाट होती की नव्हती, हे आम्ही विचारलंसुद्धा नाही.

माझं स्पष्ट मत: पेशंट शुद्धीवर असेल, तर पहिला प्रश्न त्याला. घरच्यांना नंतर. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीकर
ताई, तुमच्या आईचं वाईट वाटलं. खरं मी उलट्या बाजूचा आहे.

माझे आप्पा तंबाखूच्या वखारीत जन्मभर राबले. गालात आतून जखम, दोन महिने भरेना. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. अर्धा जबडा काढायचा, चेहरा बदलेल, लगेच करायला हवं. तुम्ही म्हणता तसंच, पहिला प्रश्न पेशंटला. आप्पा उठले, टोपी घातली, म्हणाले, "मला असलं तोंड घेऊन जगायचं न्हाई." चार महिने एका झाडपाल्यावाल्याकडे जात राहिले. परत नेलं तेव्हा ऑपरेशनची वेळ गेली होती.

त्यांना विचारलं, त्यांनी ठरवलं, आणि आम्ही त्यांना गमावलं. आम्ही 'नुसती जखम साफ करायची' म्हणून नेलं असतं, तर आज कदाचित नातवाला शाळेत सोडायला जात असते. घाबरलेल्या माणसाच्या हातात एवढा मोठा निर्णय देणं याला मी हक्क म्हणत नाही.

खानापूरहून
मला पैशाचं बोलायचंय. रेडिएशन आता बऱ्याच ठिकाणी तीन आठवड्यांत, पंधरा बैठकांत देतात, खरं रोज जायचं. खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातून रोज बेळगाव जमत नाही, मग खोली घ्या, एकानं कामधंदा सोडून सोबत राहा. रान गहाण टाकणारा मुलगा, डबा करणारी सून. मग निर्णय एकट्या पेशंटचा कसा? आपल्याकडे लग्नसुद्धा सगळ्यांना विचारून ठरतं.

वॉर्डातली सिस्टर
अकरा वर्षं कॅन्सर वॉर्डात आहे. रोज कुणीतरी दारात हात धरून कुजबुजतं, "सिस्टर, त्यांना सांगू नका हं." आत जावं तर पेशंट विचारतो, "ही सलाईन लाल का?" त्या लाल औषधानं केस जातात, शेजारच्या कॉटवरच्याचे गेलेले त्यानं पाहिलेले असतात. त्याला कळलेलं असतं. फक्त घरच्यांसमोर तोही नाटक करतो, आणि मनातलं बोलायला त्याला रात्रपाळीची नर्स तेवढी उरते.

"माझ्या पोराला विचारा, मला नको सांगू" म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकायलाच हवं. पण ते त्यांनी म्हणायला हवं, पोरानं त्यांच्या वतीनं नव्हे.

कायद्याचंही सांगते. दिल्लीतल्या एका बाईला भूल देऊन दुर्बिणीनं तपासणी चालू असताना, तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान पेशंटऐवजी आईची संमती चालत नाही. जीव लगेच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी. दुसरे पर्याय काय आणि धोके काय, हेही पेशंटलाच सांगायचं.

येळ्ळूरची लेक
@खानापूरहून, तुमचा हिशेब खोटा नाही. कदाचित आईनंही तोच मांडला असता. पंधरा दिवस बेळगावच्या फेऱ्या, इकडे म्हशीची धार कोण काढणार? "काढून टाका एकदाचं" असं ती स्वतःच म्हणाली असती. मग तिनं ती घडी वेगळ्या मनानं बसवली असती. तिच्या शरीरातलं काय गेलं यापेक्षा आम्ही तिला फसवलं, हे तिला जास्त लागलंय. आता मी साधी तापाची गोळी दिली तरी ती विचारते, "नक्की कशाची?"

मास्तर, कडोली
भाषेचा मुद्दा एका ओळीत जाऊ देऊ नका. सीमाभागात मराठी चौथी शिकलेली बाई कन्नड-इंग्रजी फॉर्मवर सही करते, ती संमती कसली? छापील मराठी फॉर्म मिळत नसेल, तर सहीआधी कुणाकडून तरी ओळ न् ओळ मराठीत वाचून घ्या. आणि "समजलं का?" असं विचारू नका, सगळे मान डोलावतात. "काय करणार आहेत ते मला सांगा बघू," असं विचारा. शाळेत मी हेच करायचो. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात, हे २००२ च्या वैद्यकीय नियमांत आहे. घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

निपाणीकर
सिस्टर, कायदा मान्य. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. सगळं सांगितल्यावर माणूस नको म्हणाला, तर बाजूला उभं राहून बघायचं?

वॉर्डातली सिस्टर
नाही. पहिल्या दिवशीचं 'नको' हे बहुतेक वेळा भीतीचं असतं. आठवड्याच्या आत परत बोलवायचं, कशाची भीती वाटते ते विचारायचं. तुमच्या आप्पांनी तर सांगितलंच होतं, तोंडाची. पायाचं हाड घेऊन जबडा पुन्हा उभा करतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? आमच्याकडे असं ऑपरेशन झालेले एक काका तपासणीला येतात. नव्या पेशंटशेजारी बसतात, चहात बिस्कीट बुडवून खातात, बोलतात. त्यानंतरही कुणी नकोच म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडत नाही, दुखणं कमी करायला लागते. पण बघितल्यावर हो म्हणालेले मी पाहिलेत.

निपाणीकर
असा माणूस आम्हाला कुणी भेटवला नाही. आप्पा त्या दिवशी घरी आले आणि पहिल्यांदा मोरीतला आरसा काढून कपाटावर उपडा ठेवला. मी तेव्हा विचारायला हवं होतं.